‘साखरेकडे’ आणि ‘साखरेसाठी’: जिवाणूला आणि यंत्राला ध्येय असते का?

सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. तिने आपल्या प्रबंधात ‘जिवाणू साखर मिळवण्यासाठी पोहतो’ असे वाक्य लिहिले. मार्गदर्शकांनी ‘साठी’ या शब्दाखाली रेघ मारली आणि समासात लिहिले की जिवाणूला कसलेही ध्येय नसते. ते असते असे मानायचे, तर खोलीचे तापमान राखणाऱ्या थर्मोस्टॅटलाही ध्येय असते असे म्हणावे लागेल. हा आक्षेप योग्य आहे का, आणि योग्य असेल तर ते वाक्य कसे लिहावे, हे तिला जाणून घ्यायचे आहे.

मी जीवशास्त्राचा माणूस नाही. साखर कारखान्यांच्या बॉयलरांवर नियंत्रण-यंत्रणा बसवणे आणि त्या सुरळीत चालतील असे पाहणे, यात माझी तीसहून अधिक वर्षे गेली. तरीही उत्तर देण्याचे धाडस करतो, कारण ज्या यंत्राचे उदाहरण मार्गदर्शकांनी दिले आहे, त्याच जातीच्या यंत्रांशी माझा रोजचा संबंध होता. आणि जिवाणूच्या पोहण्यामागची यंत्रणा मी जेव्हा प्रथम समजून घेतली, तेव्हा तिच्यात माझ्या ओळखीच्या इतक्या गोष्टी निघाल्या की हा विषय नंतर मला सोडवलाच नाही. माझे मत आधीच सांगतो. ‘साठी’ हा शब्द जिवाणूच्या बाबतीत बरोबर आहे. थर्मोस्टॅटच्या बाबतीत तो उसना आहे. आणि या दोहोंतला फरक जाणिवेचा नाही.

प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्याकडे तो व्याकरणाच्या निमित्ताने दोन हजार वर्षांपूर्वीच चर्चिला गेला आहे. संस्कृतात इच्छा दाखवणारे क्रियारूप असते: ‘पिपतिषति’, म्हणजे पडू इच्छितो. लोक ते नदीच्या काठालाही लावत असत, ‘कूलं पिपतिषति’, जसे आपण आज ‘भिंत पडू पाहते आहे’ म्हणतो. काठाला इच्छा कुठली, मग हे रूप चालते कसे, असा प्रश्न पाणिनीय परंपरेत उभा राहिला. त्यावर कात्यायनाने आणि त्याच्या मागोमाग पतंजलीने महाभाष्यात जी उत्तरे नोंदवली, त्यांतले एक मला फार मोलाचे वाटते: इच्छा कळते ती प्रवृत्तीवरूनच. चटई विणू पाहणारा माणूस तसे बोलून दाखवत नाही. त्याच्या हातातली दोरी, खुंटी आणि गवताची पेंढी पाहून आपण ते ओळखतो. काठाचेही तसेच आहे: ढेकळे सुटू लागतात, भेगा पडतात. कारण दोन्हीकडे सारखे, म्हणून शब्दही सारखा.

1943 मध्ये आर्तुरो रोझेनब्लूथ, नॉर्बर्ट वीनर आणि ज्युलियन बिगेलो यांनी एका निबंधात ध्येयाचा विचार पुन्हा वर्तनाच्याच बाजूने मांडला. ते तिघे मनाविषयी बोलतच नाहीत. त्यांचे म्हणणे असे की जी वस्तू आपली चूक मोजते आणि त्या चुकीच्या आधारे आपले वर्तन दुरुस्त करते, तिच्या वर्तनाला सहेतुक म्हणायला हरकत नाही. फरक इतकाच की पतंजलीने दिलेला काठ या कसोटीवर उतरत नाही. काठाला टेकू लावला, तर तो पडण्याचा दुसरा मार्ग शोधत नाही.

पण अडथळा आणूनही ठरावीक जागी पोहोचणे एवढ्यानेही भागत नाही. वाटीत गोटी टाका. कुठूनही सोडली, मध्येच बोटाने ढकलली, तरी ती तळाशीच येऊन थांबते. गोटीला तळ गाठायचा आहे असे आपण म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. मग बॉयलरचा कंट्रोलर आणि वाटीतली गोटी यांत फरक कोणता? यावर मी प्रशिक्षणार्थींना एकच गोष्ट सांगत असे: तार कापून पाहा. कंट्रोलरमध्ये पाण्याची पातळी मोजणारे उपकरण वेगळे असते, व्हॉल्व्ह हलवणारी ताकद वेगळीकडून येते, आणि या दोघांना जोडतो तो चार ते वीस मिलिअँपिअरचा एक क्षीण विद्युत-संदेश. त्या संदेशात व्हॉल्व्ह फिरवण्याइतके बळ नसते; त्यात फक्त बातमी असते. ती तार कापली, तर पंप शाबूत, व्हॉल्व्ह शाबूत, हवेचा दाब शाबूत, आणि तरीही वर्तन दिशाहीन होते. इतकेच नव्हे, तर त्या तारेवरून खोटी बातमी पाठवून संपूर्ण यंत्रणेला फसवताही येते. गोटीत कापण्याजोगी तार नाही. तिला फसवता येत नाही, कारण तिला कोणी काही सांगतच नसते. जिथे बातमी आणि बळ वेगळे आहेत, जिथे चूक होऊ शकते, तिथेच ध्येयाचा प्रश्न सुरू होतो.

आता जिवाणूकडे येऊ. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय सुमारे दोन मायक्रोमीटर लांबीचा असतो आणि त्याच्या अंगाला अनेक कशाभिका, म्हणजे शेपटीसारखे लांब तंतू, असतात. त्या प्रत्येकीच्या मुळाशी फिरणारी मोटर असते. मोटरी घड्याळाच्या उलट दिशेने फिरल्या, की कशाभिकांची एक जुडी होते आणि जिवाणू साधारण सेकंदभर सरळ पोहतो. एखाददुसरी मोटर घड्याळाच्या दिशेने फिरली, की जुडी सुटते, जिवाणू सेकंदाच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ जागच्या जागी कोलांटतो आणि नंतर भलत्याच दिशेला निघतो. 1972 मध्ये हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी जिवाणूचा पाठलाग करू शकणारा सूक्ष्मदर्शक वापरून हे पोहणे मोजले. त्यातून दिसले ते असे की जिवाणू साखरेच्या दिशेने वळत नाही. वळणे त्याला जमतच नाही म्हणा. साखर वाढत असेल तर तो कोलांटणे पुढे ढकलतो, एवढेच. चांगल्या दिशेची धाव लांबते, बाकीच्या धावा नेहमीइतक्याच राहतात, आणि बेरीज साखरेकडे सरकते.

साखर वाढते आहे हे त्याला कसे कळते? शरीर इतके आखूड की डोक्याकडची साखर आणि शेपटीकडची साखर यांतला फरक त्याला उपयोगी पडत नाही. तो काळात तुलना करतो: गेल्या सुमारे एका सेकंदातली साखर त्याआधीच्या तीनेक सेकंदांतल्या साखरेच्या तुलनेत जास्त की कमी. म्हणजे त्याला चार सेकंदांची आठवण आहे, आणि ती कुठे साठते हेही माहीत आहे: साखर ओळखणाऱ्या ग्राहक-प्रथिनांवर मेथिल गट (छोटे रासायनिक तुकडे) चढतात आणि उतरतात, त्या संख्येत. ग्राहकापासून मोटरपर्यंतची बातमी ‘चे-वाय’ नावाचे छोटे प्रथिन वाहून नेते. फॉस्फेट जोडलेले चे-वाय मोटरला जाऊन चिकटले, की मोटर घड्याळाच्या दिशेने फिरण्याची शक्यता वाढते. हीच ती तार. ज्या उत्परिवर्ती, म्हणजे जनुकांत बदल झालेल्या, जिवाणूंमध्ये चे-वाय नसते, त्यांच्या मोटरी उत्तम फिरतात, ऊर्जाही असते, पण ते कोलांटतच नाहीत. साखर असो वा नसो, सरळ पोहत राहतात. तार कापण्याच्या पहिल्या कसोटीला जिवाणू पूर्णपणे उतरला.

यापुढची गोष्ट वाचून मी खरोखर खुर्चीतून उठलो होतो. एखाद्या द्रावात सगळीकडे सारखी साखर ओतली, तर जिवाणू काही काळ सरळ पोहतो आणि मग त्याच्या कोलांटण्याचे प्रमाण पूर्वी होते तिथेच परत येते. थोडी साखर ओतली तरी तिथेच, पुष्कळ ओतली तरी तिथेच. नामा बरकाई आणि स्टॅनिस्लास लायबलर यांनी 1997 मध्ये दाखवले की ही अचूकता पेशीतल्या विकरांचे (एन्झाइमांचे) प्रमाण बदलले तरी टिकायला हवी, आणि 1999 च्या प्रयोगांत ती टिकलेली दिसली. 2000 मध्ये जॉन डॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे कारण आमच्या, नियंत्रण-यंत्रणावाल्यांच्या, भाषेत सांगितले: ही इंटिग्रल ॲक्शन आहे. जुने इन्स्ट्रुमेंटवाले तिला ‘रीसेट’ म्हणतात. चूक जोवर शून्य होत नाही, तोवर दुरुस्ती साठत राहते. पेशीत मेथिल गट चढवणारे विकर जवळजवळ ठरावीक वेगाने काम करते आणि उतरवणारे विकर फक्त सक्रिय ग्राहकांवर काम करते. त्यामुळे चढ आणि उतार यांचा मेळ एकाच सक्रियतेवर बसतो, बाहेर साखर कितीही असो. मी हाताने ट्यून केलेल्या नियंत्रणाच्या लूपमध्ये जे घडते, तेच.

पण इथेच एक पेच आहे, आणि मार्गदर्शकांचा आक्षेप सर्वांत बळकट होतो तो इथे. ही यंत्रणा जे स्थिर राखते, ते साखरेचे प्रमाण नव्हे. ती स्थिर राखते ग्राहकांची सक्रियता, म्हणजेच कोलांटण्याचे प्रमाण. कंट्रोलर उघडून त्यात सेट-पॉइंट, म्हणजे राखायचे ठरवून दिलेले मूल्य, कुठे लिहिला आहे ते मी दाखवू शकतो; जिवाणू उघडला, तर ‘साखर’ असा सेट-पॉइंट कुठेच सापडत नाही. भर म्हणजे, ज्युलियस ॲडलर यांनी 1969 मध्ये दाखवले की ज्या साखरेचा जिवाणूला अन्न म्हणून काहीही उपयोग करता येत नाही, अशा साखरेकडेही तो जातो. गॅलॅक्टोज पचवण्याची क्षमता गमावलेले उत्परिवर्ती जिवाणूही गॅलॅक्टोजकडे जात होते. म्हणजे तो अन्नाच्या मागे नसून ग्राहकावर बसणाऱ्या आकाराच्या मागे आहे. मग ‘साखरेसाठी’ कशाला म्हणायचे? ‘साखरेकडे’ पुरे नाही का?

या पेचातून बाहेर पडायला मला बॉयलरने मदत केली. बॉयलरच्या ड्रममध्ये, म्हणजे पाणी आणि वाफ असलेल्या टाकीत, पाण्याची पातळी राखणे हे अत्यंत जोखमीचे काम आहे, कारण पाणी कमी पडले तर नळ्या जळतात. साध्या कंट्रोलरला फक्त पातळीची बातमी मिळते. कारखान्यात मिलने एकदम जास्त वाफ ओढली, की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात, आणि पाणी खरोखर कमी होत असताना पातळी वर चढलेली दिसते. कंट्रोलर प्रामाणिकपणे पाण्याचा व्हॉल्व्ह मिटू लागतो, नेमका जेव्हा तो उघडायला हवा. म्हणून आम्ही वाफेचा प्रवाह आणि पाण्याचा प्रवाह अशा आणखी दोन बातम्या त्याला देतो. थ्री-एलिमेंट कंट्रोल म्हणतात ते हेच. आता विचार करा की पहिल्या कंट्रोलरने चूक केली असे आपण कोणत्या आधारावर म्हणतो. त्याने पातळी राखण्याचे काम बिनचूक केले. चूक ठरते ती नळ्यांत पुरेसे पाणी असावे या गरजेच्या तुलनेत, आणि ती गरज कंट्रोलरमध्ये कुठेही नोंदलेली नाही. ती बॉयलरची आणि कारखान्याची आहे.

म्हणजे दोन गोष्टी वेगळ्या धरायला हव्यात. यंत्रणा जी राशी राखते तिला मी उद्दिष्ट म्हणेन. ती राशी ज्याच्याकरिता राखायची, त्याला प्रयोजन म्हणेन. (मनात बाळगलेला हेतू ही तिसरीच गोष्ट, तिची इथे गरज नाही.) उद्दिष्ट आणि प्रयोजन यांत फट असते, म्हणूनच फसगत होते: कंट्रोलरची फुगलेल्या पाण्याने, जिवाणूची न पचणाऱ्या साखरेने. सेट-पॉइंटमध्ये साखर सापडली नाही म्हणून जिवाणूला प्रयोजन नाही असे ठरत नाही; पातळीच्या कंट्रोलरमध्येही नळ्या सापडत नाहीत. खरा प्रश्न असा की प्रयोजन कोणाचे.

आणि याचे उत्तर शोधायला मी एकच पाहतो: चुकीची झळ कोणाला लागते. पातळी चुकली तर नळ्या जळतात, कारखाना थांबतो, क्वचित माणसे भाजतात. कंट्रोलरला काही होत नाही. तो पुढच्या बॉयलरवर तितक्याच निष्ठेने काम करेल. त्याचा सेट-पॉइंट उलटा ठेवला तर तितक्याच निष्ठेने बॉयलर जाळेल. त्याच्या घडणीत आणि त्याच्या यशात काहीही नाते नाही. जिवाणूत ते नाते आहे. कशाभिका प्रथिनांची, प्रथिने घडवायला ऊर्जा लागते, ऊर्जा अन्नातून येते, आणि अन्नापर्यंत नेते ती कशाभिका. मेथिल चढवणारे विकर पेशीच घडवते. ते विकर नीट चालले तरच पेशीला पुढचे विकर घडवता येते. ग्लुकोज भरपूर असेल तेव्हा ई. कोलाय कशाभिका घडवणेच आवरते घेतो; नको तिथे खर्च करत नाही. जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1790 मध्ये घड्याळ आणि सजीव यांतला भेद असाच सांगितला होता: घड्याळाचे एक चाक दुसऱ्या चाकाला फिरवते, पण घडवत नाही. जिवाणूत नियंत्रण करणारा आणि ज्याच्याकरिता नियंत्रण करायचे तो, हे एकच आहेत. म्हणून त्याचे प्रयोजन उसने नाही.

हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे दाखवणारे एक उदाहरण मला फार आवडते. 1975 मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी चिखलात राहणाऱ्या, पोटात लोहचुंबकी कणांची माळ असलेल्या जिवाणूंचे वर्णन प्रसिद्ध केले. हे जिवाणू पृथ्वीच्या चुंबकीय रेषांना धरून पोहतात. उत्तर गोलार्धात त्या रेषा उत्तरेकडे जाताना खाली कललेल्या असतात, त्यामुळे उत्तरेकडे पोहणारा जिवाणू खाली, कमी प्राणवायूच्या चिखलात पोहोचतो, आणि तेच त्याला मानवते. शेजारी चुंबक धरला तर तो भलतीकडे जातो. आता विचारा: त्याचे काय चुकले? उत्तर दिशा तर त्याने पाळली. चुकले ते चिखलाच्या बाबतीत. पुढे ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण गोलार्धात, न्यूझीलंड आणि टास्मानियात, शोध घेतला, तेव्हा तिथले जिवाणू दक्षिणेकडे पोहणारे निघाले. तिथे खाली जाण्याची वाट दक्षिणेकडची आहे. दिशा बदलली, चिखल तोच राहिला. उद्दिष्ट बदलूनही प्रयोजन तसेच राहते, आणि ते राहते याचे कारण असे की ज्यांची दिशा चुकली त्यांचे वंश टिकले नाहीत. कोणी बाहेरच्या अभियंत्याने तिथे सेट-पॉइंट बदललेला नाही.

यावर एक रास्त शंका येते. स्वतःची काळजी घेणारे यंत्र बनवले तर? ब्रिस्टलला ग्रे वॉल्टर यांनी 1948-49 च्या सुमारास एल्मर आणि एल्सी ही चाकांवर फिरणारी दोन यांत्रिक ‘कासवे’ बनवली होती. प्रत्येकात दोनच इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्यासारख्या निर्वात नळ्या) होते. पण बॅटरी उतरली की ती दिव्याच्या रोखाने आपल्या खुराड्यात जाऊन चार्ज होत. आज घरातला झाडणारा रोबो तेच करतो. मला ही उदाहरणे सीमेवरची वाटतात, पण सीमेच्या अलीकडची. बॅटरी संपलेले कासव थांबते, मोडत नाही; महिन्याने चार्ज केले तर जिथे होते तिथून पुढे निघते. जिवाणूला थांबणे परवडत नाही, कारण त्याचे असणे म्हणजेच सतत घडत राहणे. इथे कोणी बीजाणूंचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा: काही जिवाणू उपासमारीत बीजाणू होऊन वर्षानुवर्षे निपचित पडून राहतात आणि पाणी-अन्न मिळाल्यावर पुन्हा जागे होतात. माझ्या कसोटीला ही गोष्ट जड जाते हे खरे. तरी बीजाणूचे ते कवच त्या जिवाणूनेच, उपासमार ओळखून, तासन्‌तास खपून स्वतःभोवती घडवलेले असते; थांबणेही तिथे त्याचीच करणी आहे. कासवाचे थांबणे ही नुसती वीज संपणे आहे. ज्या दिवशी एखादे यंत्र आपले भाग आपणच घडवू लागेल आणि त्यात चुकले तर विरून जाईल, त्या दिवशी मी माझे मत बदलेन. त्या यंत्राचे रक्त-मांस नसणे मला आड येणार नाही.

शिकणाऱ्या संगणक-प्रणालींनाही मी आज कंट्रोलरच्याच बाजूला ठेवतो. 2016 मध्ये ओपन एआयच्या संशोधकांनी एका प्रणालीला होड्यांच्या शर्यतीचा खेळ शिकवला. गुण मिळत होते वाटेतली लक्ष्ये टिपल्याबद्दल. प्रणालीने शर्यत पूर्ण करणे सोडून दिले आणि एका खाडीत गोल गोल फिरत तीच लक्ष्ये पुन्हा पुन्हा टिपत गुण वाढवले. हा फुगलेल्या ड्रमचाच प्रकार आहे: गुण हे उद्दिष्ट, शर्यत हे प्रयोजन, आणि ते प्रयोजन खेळ मांडणाऱ्यांचे. गुण कमी पडले असते तर प्रणालीचे काही बिघडणार नव्हते. तिची वाट आधी कोणी सांगितली नव्हती, एवढ्याने ध्येय तिचे होत नाही.

आता त्या वाक्याबद्दल. मराठीत आपल्याला तीन शब्द आयतेच मिळालेले आहेत, आणि ते तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. ‘गोटी तळाकडे जाते’ इथे ‘कडे’ पुरेसा आहे. ‘जिवाणूला साखर हवी असते’ असे मी लिहिणार नाही, कारण ‘हवी’ म्हटले की हवेपण जाणवणारा कोणी तरी आला, आणि चे-वाय प्रथिनाच्या चढउतारात तो असल्याचा पुरावा माझ्यापाशी नाही. मधला ‘साठी’ मात्र राहू द्यावा. मार्गदर्शकांना विनंती करावी की रेघ ‘साठी’वरून काढून ‘साखर मिळवण्या’वर मारावी, कारण ॲडलर यांच्या प्रयोगांनंतर सुधारायला हवा तो तोच भाग आहे. मी ते वाक्य असे लिहीन: ‘जिवाणू ग्राहकांवर बसणाऱ्या रेणूंच्या वाढत्या प्रमाणाकडे सरकतो, आणि हे सरकणे त्याच्या जगण्यासाठी असते.’ थर्मोस्टॅटचा मुद्दा पुन्हा निघाला, तर तेही वाक्य याच घाटाचे होईल, फक्त ‘त्याच्या’ या शब्दाच्या जागी खोलीत राहणाऱ्या माणसांचा उल्लेख करावा लागेल.